आर्णीतील विशेष शिक्षणाच्या तक्रारी: अर्जापासून अपिलापर्यंत

आर्णी तालुक्यातील दिव्यांग मुलाला शाळेने प्रवेश नाकारला, श्रवणयंत्र मिळाले नाही, परीक्षेला लेखनिक दिला नाही किंवा शिकवायला विशेष शिक्षक फिरकलाच नाही, तर पालकाने दाद कोणाकडे मागायची? यवतमाळ जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, तिचाच समाजकल्याण विभाग, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचा लोकशाही दिन, पुण्यातील दिव्यांग आयुक्त आणि मुंबईतील बाल हक्क आयोग, अशी पाच दारे आज मोजता येतात. ती एका आराखड्यातून उभी राहिलेली नाहीत. ही दारे वेगवेगळ्या काळात उघडली आणि नवे उघडताना जुने बंद झाले नाही. कागद नेमका कोणत्या टेबलावर ठेवायचा हा पेच त्यातूनच आला आहे.

वऱ्हाडात जिल्हा आणि तालुका मंडळे 1880 च्या दशकात आली. रस्ते, दवाखाने आणि गावशाळा ही त्यांची कामे. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडात 1920 चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि सक्तीचे शिक्षण लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे आला. हिंदुस्थानातील त्या काळच्या सक्तीच्या कायद्यांत शारीरिक दुर्बलता हे मुलाला शाळेत न पाठवण्याचे मान्य कारण होते. अपंग मूल कायद्यात प्रथम आले ते शिक्षणाचा हक्कदार म्हणून नव्हे, सक्तीतून सुटलेले म्हणून. ज्या मुलाला शाळेत यायचेच बंधन नव्हते, त्याच्या न येण्याची तक्रार कोण करणार? पालकाला दंड होत नव्हता आणि मंडळाला जाब विचारला जात नव्हता. दोन्ही बाजूंना ही सोय पुरेशी होती.

अशा मुलांसाठी काही करायचे ते धर्मादाय संस्थांनी, हा समज त्या काळी सार्वत्रिक होता. मुंबईत मूकबधिरांची शाळा 1880 च्या दशकात निघाली, अमेरिकन मराठी मिशनची अंधशाळा 1900 मध्ये आली. नागपुरात अंधांसाठीची संस्था 1928 मध्ये उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांच्या संस्थेने अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा चालवल्या. आर्णीच्या बाजूच्या कुटुंबांपुढे असे घराबाहेरचे, वसतिगृहाचे शिक्षण हाच बराच काळ एकमेव मार्ग होता. संस्थेने मूल घेतले तर उपकार, नाही घेतले तर नशीब. संस्थेविरुद्ध बोलणे म्हणजे पोराची जागा घालवणे, हे पालकाला कोणी समजावून सांगावे लागत नसे.

विदर्भात जिल्हा परिषदांपूर्वी जनपद सभा होत्या. त्या जाऊन 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. ज्या समितीच्या अहवालावर ही रचना बेतली होती तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक यवतमाळ जिल्ह्यातलेच, पुसद तालुक्यातील गहुलीचे. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. मात्र जिल्हा परिषदांच्या 1961 च्या कायद्यात शिक्षण समिती वेगळी आणि समाजकल्याण समिती वेगळी होती. अपंगांच्या विशेष शाळांचे अनुदान, तपासणी आणि शिष्यवृत्त्या समाजकल्याणच्या बाजूला राहिल्या, गावच्या शाळेतील वर्ग शिक्षणाच्या बाजूला. एकाच इमारतीतल्या दोन विभागांत मूल असे विभागले गेले. गावच्या शाळेने मूल नाकारले की शिक्षण विभाग विशेष शाळेकडे बोट दाखवी, आणि विशेष शाळेत जागा नसली की समाजकल्याण विभाग अनुदानाच्या मंजूर संख्येकडे. पुढच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी ही फाळणी दिसते. अधिकाऱ्यांच्या वृत्तीला दोष देणे सोपे आहे. ही खोट मुळात रचनेतच होती.

केंद्र सरकारने 1974 मध्ये अपंग एकात्म शिक्षण योजना आणली. सर्वसाधारण शाळेतच मुलाला बसवायचे आणि त्याला शिकवण्यासाठी खास प्रशिक्षित शिक्षक द्यायचा, असा तिचा आशय होता. ही योजनाही आधी केंद्राच्या कल्याण खात्याकडे होती आणि 1982 मध्ये शिक्षण खात्याकडे गेली. दिल्लीतले दुखणेही जिल्ह्यासारखेच होते. शिवाय योजना हा हक्क नसतो. तालुक्यात युनिट मंजूर असेल तर लाभ, नसेल तर विनंती अर्ज. पालक आमदारांच्या, सभापतींच्या शिफारशीसह अर्ज करत आणि वाट पाहत. अशा अर्जाला उत्तर देण्याची मुदत कुठल्याही नियमात नव्हती.

1995 चा अपंग व्यक्ती कायदा 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला आणि अपंग मुलाला वयाच्या 18 व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणांवर आली. याच कायद्याच्या कलम 30 मध्ये एक तरतूद होती, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे याविषयी पालकांची तक्रार असेल, तर ती ऐकायला योग्य मंच उभारावा, असे शासनांनी करावयाच्या शिक्षण योजनेत नमूद होते. त्याच यादीत वाहतुकीची सोय होती, पुस्तके व गणवेश होते, अंध विद्यार्थ्यांसाठी परीक्षापद्धतीतले बदल होते आणि कर्णबधिर मुलांना एकच भाषा घेण्याची मुभाही होती. गणवेश व शिष्यवृत्ती यांची शीर्षे अंदाजपत्रकात आली. तालुक्याच्या पातळीवरचा पालकांचा मंच मात्र कागदावरच राहिला. तक्रार ऐकण्याचे प्रत्यक्ष काम उरले ते याच कायद्याने निर्माण केलेल्या राज्य आयुक्तांकडे, आणि ते आर्णीपासून फार लांब, पुण्यात.

या कायद्याने प्रमाणपत्राला मोठे वजन आले. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला नसेल तर तक्रारीला आधारच नाही. दाखला द्यायचा जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाने, म्हणजे आर्णीहून सुमारे 40 किलोमीटरवर यवतमाळला. मंडळ ठरावीक वारीच बसते आणि त्या दिवशी त्या विषयाचे डॉक्टर हजर असतीलच असे नाही. 2012 च्या सुमारास राज्याने संगणकीय दाखले सुरू केले, पुढे देशव्यापी वैश्विक ओळखपत्र आले. जुना हाताने लिहिलेला दाखला चालेनासा झाला, त्यामुळे अनेकांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. हात किंवा पाय गेलेल्या मुलाचे मोजमाप तुलनेने सरळ असते. अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता मात्र साध्या तपासणीत दिसत नाही. ती ओळखायला मानसशास्त्रज्ञ लागतो आणि तो तालुक्याला नसतो. त्यामुळे ज्या मुलांविषयी तक्रार करण्याची सर्वात जास्त गरज, त्यांच्याच पालकांच्या हातात कागद नसतो.

2001 मध्ये सर्व शिक्षा अभियान आले आणि कोणतेही मूल नाकारायचे नाही हे धोरण गटसाधन केंद्रापर्यंत उतरले. पंचायत समितीच्या पातळीवर समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ आणि फिरते विशेष शिक्षक नेमले गेले. तपासणी शिबिरे भरू लागली आणि कानपूरच्या अलिम्को कंपनीच्या चाकखुर्च्या, कॅलिपर आणि श्रवणयंत्रे वाटली जाऊ लागली. तक्रारींचे स्वरूपही बदलले. प्रवेशाचा प्रश्न थोडा मागे पडला आणि सेवेचा पुढे आला: मापाचा कॅलिपर वर्षभराने मिळाला तोवर मूल वाढले, श्रवणयंत्राची बॅटरी संपली, मदतनीस भत्ता थकला. शिक्षक कंत्राटी आणि त्यांच्याकडे गावे पुष्कळ. आर्णी तालुक्यात बंजारा तांडे आणि कोलामांच्या वस्त्या (पोड) विखुरलेल्या आहेत. घरात गोरमाटी किंवा कोलामी बोलणाऱ्या कर्णबधिर मुलाला महिन्यातून एक-दोनदा भेटून जाणारा शिक्षक काय शिकवणार, ही अडचण शिबिराच्या अहवालात कधी उमटली नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि तक्रारीला प्रथमच मुदत मिळाली. कलम 32 सांगते की, मुलाच्या हक्कांविषयी कोणाचीही तक्रार असेल तर ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करावी. प्राधिकरणाने संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा आणि तो मान्य नसल्यास राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील करता यावे. महाराष्ट्राचे नियम 2011 मध्ये आले. मूळ कायद्यात दिव्यांग मुलांचा उल्लेख अपुरा होता. 2012 च्या दुरुस्तीने त्यांना स्पष्टपणे आत घेतले आणि तीव्र किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय दिला. हा पर्याय मुलाचा आहे, शाळेचा नाही. तरी शाळेने हात वर करताना गृहाधारित शिक्षणाचे नाव घेणे सोपे झाले आणि तक्रारीचा एक नवा प्रकार जन्माला आला.

कलम 32 मध्ये एक अवघड गाठ आहे. ग्रामीण भागात शाळा चालवणारी जिल्हा परिषद हीच स्थानिक प्राधिकरण आहे. तिच्या शिक्षकाविरुद्धची तक्रार तिचेच अधिकारी ऐकतात. इंग्लंडमध्येही स्थानिक परिषदाच मुलाच्या विशेष गरजा ठरवतात आणि भागवतात. परंतु त्यांच्या निर्णयावर दाद मागण्यासाठी तिथे 1990 च्या दशकापासून स्वतंत्र न्यायाधिकरण आहे आणि कारभारातल्या दिरंगाईसाठी वेगळा लोकपाल. महाराष्ट्रात पहिली स्वतंत्र पायरी येते ती थेट अपिलात, आणि आयोग मुंबईत. आर्णीहून मुंबई 600 किलोमीटरांच्या पलीकडे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तारखेला कोण जाणार?

व्यवहारात तक्रार ठरलेल्या पायऱ्यांनी चढते. पालक आधी मुख्याध्यापकाला तोंडी सांगतो. मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर यवतमाळला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि त्यांच्याही वर अमरावतीचे विभागीय शिक्षण उपसंचालक. अर्ज वर गेला की तो चौकशीसाठी खाली येतो, आणि बहुधा ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच मुख्याध्यापकाकडून खुलासा मागवला जातो. खुलासा आला की प्रकरण निकाली निघते. जाणते पालक म्हणून अर्जाची दुसरी प्रत सोबत नेतात आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडत नाहीत. त्या पोचेशिवाय तीन महिन्यांची मुदत कधी सुरू झाली हे सिद्धच करता येत नाही. 2005 चा माहिती अधिकार इथे कामी आला: अर्जावर काय कारवाई झाली, हे विचारणारा दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा लवकर हलतो, हे अनेकांच्या ध्यानात आले.

वसतिगृह असलेल्या विशेष शाळांचे प्रकरण वेगळे आणि अधिक गंभीर. तिथल्या मुलाला अनेकदा बोलताच येत नाही आणि पालक दूर असतात. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या संस्थेची दुरवस्था 2010 मध्ये उजेडात आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. अशा ठिकाणी नोंदवहीत तक्रार नसणे हे सारे ठीक असल्याचे लक्षण मानता येत नाही. तिथे तपासणीच तक्रारीची जागा घेते, आणि ती तपासणी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे होती.

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार 21 झाले, अध्ययन अक्षमता व स्वमग्नता त्यात आली. कलम 23 नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. राज्य आयुक्तांच्या शिफारशीवर प्राधिकरणाने तीन महिन्यांत कारवाई करून कळवायचे असते. ती शिफारस असते, हुकूम नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. डिसेंबर 2022 मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. विशेष शाळा सामाजिक न्याय विभागाकडून त्याच्याकडे गेल्या. सर्वसाधारण शाळा शिक्षण विभागाकडेच राहिल्या आणि आश्रमशाळा आपापल्या खात्यांकडे, म्हणजे 1962 ची फाळणी नव्या नावांनी चालू राहिली.

कायद्याच्या वाटेखेरीज राजकारणाचीही एक वाट होती. जिल्हा परिषद सदस्य शिक्षण समितीच्या बैठकीत एखाद्या शाळेचे नाव घेई आणि आठवड्यात केंद्रप्रमुख तिथे पोहोचे. ही वाट ओळखीवर चालणारी आणि म्हणून अन्यायाची होती. पण ती गावाजवळ होती. मार्च 2022 मध्ये सदस्यांची मुदत संपून प्रशासकाचा कारभार आला, तशी तीही बंद झाली. मागे राहिले ते तहसीलच्या पातळीवर तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी भरणारे लोकशाही दिन, आणि 2015 पासूनचे ‘आपले सरकार’ संकेतस्थळ. पूर्वी ग्रामपंचायत असलेल्या आर्णी गावात आता नगर परिषद आहे. दिव्यांगांसाठी राखायचा 5 टक्के निधी शहरापुरता तिच्याकडे आणि खेड्यांपुरता ग्रामपंचायतींकडे मागावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडेय प्रकरणात प्राथमिक स्तरावर 10 आणि त्यापुढे 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण लागू केले. महाराष्ट्राने 2024 मध्ये शाळांच्या दर केंद्राला एक याप्रमाणे 4860 पदे निर्माण केली. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचे ठरले. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना पदे अधिसूचित करण्यासाठी तीन आठवड्यांची मुदत दिली. दर केंद्राला एक पद हा हिशेब शाळांच्या गटावर बेतलेला आहे, न्यायालयाचे प्रमाण मुलांच्या संख्येवर. ज्या केंद्रात दहाहून अधिक दिव्यांग मुले प्राथमिक वर्गांत असतील, तिथल्या पालकाच्या पुढच्या अर्जाला आता हा आकडा आधार म्हणून जोडता येतो.