माळा, मोड आणि अज्ञातवासी : घर आवरण्याचा एक मराठी इतिहास (थ्रेड)

घर आवरताना काय ठेवावे आणि काय काढावे, हा प्रश्न आजच्या फ्लॅटमध्ये जितका जाचतो, तितका तो जुन्या वाड्यात जाचत नसे. तेथे सामान बेताचे होते, हे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे माळा.

वस्तू वापरातून जाणे आणि वस्तू घरातून जाणे, या तेथे दोन निरनिराळ्या घटना होत्या आणि त्यांच्यात कधीकधी दोन पिढ्यांचे अंतर पडे. विटलेले लुगडे गोधडीत शिवले जाई. गोधडी विरली की तिचे पोतेरे होई. गळके भांडे झाळ लावून पुन्हा चुलीपाशी येई. अगदीच निकामी झाले, तरच ते 'मोड' म्हणून कासाराकडे वजनावर देऊन नवे घेतले जाई. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार याच व्यवहारातला.

या व्यवहारात एक खोट होती. तराजूला फक्त धातू कळतो. मोराच्या आकाराचा, पातीवर नक्षी असलेला अडकित्ता आणि साधा अडकित्ता समान वजनाचे असतील, तर मोडीत त्यांची किंमत एकच. माळा होता तोवर ही खोट फारशी बाधली नाही, कारण निर्णय पुढे ढकलता येत असे.

विसाव्या शतकात ही सवलत संपत गेली. अॅल्युमिनियम आणि मग स्टेनलेस स्टील आले, तशी तांब्या-पितळेची भांडी फडताळातून उतरली. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांमधील कित्येक घरे एका दिवसात रिकामी केली. नव्या घरांत स्वयंपाकघराच्या दारावरील फळीलाही 'माळा' हेच नाव मिळाले. भाषा कधीकधी फार उदार होते.

मोडीच्या तराजूला पर्याय शोधणाऱ्यांत दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांचे पुण्यात चष्म्यांचे दुकान होते. जुने बाजार आणि जुनी घरे धुंडाळत त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपे, वज्री, गंजिफा, कोरीव दारे जमवली. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूंची संख्या तेव्हा हजारोंच्या घरात होती.

केळकरांची दृष्टी राजदरबाराकडे कमी आणि माजघराकडे अधिक होती. अंग घासण्याची वज्री कोणत्या बखरीत येणार? स्त्रियांच्या रोजच्या हाताळणीतील अशा वस्तूंविषयी लेखी पुरावा तुटपुंजा असतो. तेथे वस्तू हाच पुरावा ठरतो.

तरी या संग्रहालाही मर्यादा आहे. बाजारातून आलेली वस्तू बहुधा आपले घर मागे टाकून येते. ती कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या प्रसंगी घेतलेली, हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणूनच नाव आणि तारीख घातलेले भांडे इतिहासाच्या दृष्टीने कोऱ्या भांड्याहून वरचे, मग ते कितीही चेपलेले असो. एकसारखी दहा कोरी घंगाळी मोडीत गेली, तर फारसे काही बिघडत नाही; लग्नात आलेला, नाव कोरलेला एक तांब्या गेला, तर एक नोंद पुसली जाते.

कागदांचे प्राक्तन याहून बिकट होते. रुमालात बांधलेली दप्तरे माळ्यावर सुखरूप होती. पण विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी लिपी शाळांतून गेली आणि घरच्यांनाच घरचे कागद वाचता येईनात. जे वाचता येत नाही, त्याची रद्दी होण्यास वेळ लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी त्याच्या कितीतरी आधी गावोगाव हिंडून अशी दप्तरे मिळवली होती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे एकूण बावीस झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले.

मंडळाने छापलेल्या एका संग्रहाचे नाव 'पुरंदरे दफ्तर' असे आहे. कागद घराबाहेर पडले, पण घराचे नाव बरोबर घेऊन. जुन्या बाजारातील अडकित्त्याला ते भाग्य क्वचितच लाभले.