पडवीतली खाट

मालवणजवळच्या आमच्या गावच्या घरात पडवीच्या चिरेबंदी भिंतीला एक खाट उभी करून ठेवलेली असायची. सुंभाची वीण, फणसाच्या लाकडाचे पाय. गणपतीत घर चाकरमान्यांनी फुलायचं, माणसं खळ्यात चटया टाकून झोपायची, पण ती खाट कधी कुणासाठी आडवी केलेली मी पाहिली नाही. ती थोरल्या काकांची खाट होती.

काका मुंबईला एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामावर होते. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं, अशी तेव्हाची रीत. दिवसातून कितीतरी वेळा, आणि एका माणसाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागायचा. याच रीतीचं निमित्त करून दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत. बाबासाहेब आंबेडकरांनी तो प्रश्न गिरणी संपाच्या काळात मांडला होता. काकांना तिथेच क्षय झाला. त्याचा जंतू उष्ट्या सुतापेक्षा हवेतून जास्त जातो हे आज आपल्याला माहीत आहे. पण हवा तरी कुठे होती? गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. एक उठून कामावर गेला की त्याच गरम वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. खाणावळीत जेवण, आणि पोटाला चिमटा काढून गावी मनीऑर्डर.

काका १९५० साली बोटीने परत आले. बोट मालवणच्या खडकाळ किनाऱ्यापासून दूर उभी राहायची. पडावातून त्यांना धक्क्यावर उतरवलं आणि तिथून चादरीची झोळी बांबूला बांधून घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हवापालट करा, दूध-अंडी खा. हवा आमच्याकडे भरपूर होती. दूध-अंडी कुठून आणणार? मधल्या दाराला पडदा लागला, ताट-तांब्या वेगळा झाला, आणि ज्येष्ठातल्या पहिल्या पावसात काका गेले. आजी शेवटपर्यंत एकच सांगायची, "माझो झील खोकल्यान नाय गेलो, उपासान गेलो."

मी पुढे प्रयोगशाळा तंत्रज्ञ झालो. १९८५ पासून ३५ वर्षं याच किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यांत बेडके तपासले. आजीचं ते वाक्य मला तेव्हा अडाणी वाटायचं. जंतू मी रोज डोळ्यांनी बघत होतो ना! तिच्या बोलण्यात केवढं शास्त्र होतं हे समजायला नोकरी संपत यावी लागली.

आपल्याकडे या रोगाला जुनं नाव राजयक्ष्मा. दक्षाच्या शापाने चंद्र झिजू लागला ती कथा याच रोगाची. चरकाने त्याची चार कारणं सांगितली: साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. साहस म्हणजे अंगात असलेल्या बळापलीकडचं काम, वेगसंधारण म्हणजे शरीराचे नैसर्गिक वेग दाबून ठेवणं, क्षय म्हणजे इथे शरीरातल्या धातूंची झीज, विषमाशन म्हणजे वेळी-अवेळी, कमी-जास्त खाणं. गिरणगावातल्या खोलीचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. अर्थात रोगाने राज्यकर्त्यांनाही सोडलं नाही. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला गेले ते याच दुखण्याने, वयाच्या २७व्या वर्षी. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. त्यानंतर पाचच वर्षांनी डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. वय २१. जंतू सापडला, पण त्याच्यावरचं औषध यायला आणखी साठ वर्षं लागली.

मधल्या काळात उपचार म्हणजे सॅनेटोरियम. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर, मिरजेजवळ वानलेस मिशनचं. स्वच्छ हवा, विश्रांती, सकस अन्न. तिथल्या खाटा मोजक्या, आणि कोकणातल्या चाकरमान्याला त्या फार दूरच्या. त्याचं सॅनेटोरियम म्हणजे घरची पडवी. फरक एवढाच की तिथे तो बरा व्हायला नाही, मरायला यायचा.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. सुरुवातीला माणसं उठून बसली, मग त्यातली बरीच पुन्हा खाली गेली, कारण एकट्या औषधाला जंतू सरावतो. म्हणून जोडीला पीएएस हे औषध आलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. काकांच्या मरणानंतर दोनच वर्षांनी! ही स्वस्त गोळी हाताशी आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, की रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांनी, तर गोळी द्यायची कुठे?

त्याचं उत्तर आपल्याच देशात, मद्रासला मिळालं. १९५६ मध्ये तिथे क्षयरोग उपचार संशोधन केंद्र उघडलं. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याचे प्रमुख. त्यांनी शहरातल्या गरीब वस्तीतले १९३ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एक गट सॅनेटोरियमच्या खाटेवर, चांगलं खाऊन-पिऊन, विश्रांती घेत. दुसरा आपल्याच दाटीवाटीच्या घरात, घरचंच खाऊन, जमेल तसं काम करत. औषध दोघांना तेच, वर्षभर. घरच्या रुग्णांकडे नर्स फेऱ्या मारायच्या, गोळ्या मोजायच्या. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आला: घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. त्यांच्या घरच्या माणसांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नाही. लागण व्हायची ती औषध सुरू होण्याआधीच झालेली असते. औषध नीट चालू झालं की रुग्ण लवकरच निरुपद्रवी होतो.

मधल्या दाराच्या पडद्याची, वेगळ्या ताटाची गरज या एका प्रयोगाने मोडीत काढली. जगभर सॅनेटोरियमं बंद पडत गेली. भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला तो याच पायावर. पडवी आता बरं होण्याची जागा होऊ शकत होती.

ती तशी व्हायला मात्र आधी रोग ओळखावा लागतो, आणि ते काम माझं होतं. सकाळी रुग्ण डबी घेऊन यायचा. मी सांगायचो, थुंकी नको, बेडका हवा, खोल श्वास घेऊन छातीतून काढा. त्यातला पिवळसर घट्ट भाग काडीने उचलून काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. वर लाल कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि वाफ दिसेपर्यंत खालून ज्योत द्यायची. वाफ दिसली पाहिजे, उकळी येता कामा नये. पाच मिनिटं थांबून धुवायचं, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड. बाकी सगळ्याचा रंग उतरतो. क्षयाच्या जंतूवर मेणासारखं कवच असतं, ते लाल रंग सोडत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू. तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली घेतलं की निळ्या आभाळात बारीक लाल काड्या. एकेक जागा सरकवत शंभर जागा बघायच्या, मगच नाही म्हणायचं. पावसाळ्यात वीज गेली की सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवून ढगाळ उजेडात बघायचो. घाई केली की कुणाच्या तरी पडवीत पुन्हा खाट आडवी होणार, हे मला माहीत होतं.

सापडलेला रुग्ण हातातून निसटायचा तो पुढे. त्या काळी उपचार वर्ष-दीड वर्षाचा. दोन महिन्यांत खोकला थांबायचा, अंग धरायचं. "आता बरा वाटता, मगे औषध कित्याक?" म्हणत माणूस होडीवर नाहीतर मुंबईला निघून जायचा, आणि वर्षाने परत यायचा तो पट्टीभर लाल काड्या घेऊन. रिफॅम्पिसिन आल्याने उपचार सहा महिन्यांवर आला. १९९७ नंतरच्या सुधारित कार्यक्रमात एक साधी, पण मोलाची गोष्ट झाली: रुग्ण नोंदवला की त्याच्या नावाचा पूर्ण औषधाचा खोका बाजूला निघायचा. नव्या रुग्णाचा खोका लाल. गोळ्या कुणीतरी समोर बसून द्यायच्या. आमच्याकडे ते अंगणवाडीताईंनी केलं, दुकानदारांनी केलं, एका गावात पोस्टमननेही केलं. मद्रासच्या नर्सचं काम गावाने उचललं.

प्रतिबंधाची गोष्ट इतकी सरळ झाली नाही. आपल्या दंडावर बीसीजीचा वण असतो. ही लस कालमेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घडवली, १९२१ मध्ये ती पहिल्यांदा बाळाला दिली. तान्ह्या मुलांचा मेंदूचा क्षय ती रोखते, म्हणून ती हवीच. पण १९६८ पासून मद्रासजवळच्या चिंगलपेटमध्ये लाखो लोकांवर मोठी चाचणी झाली आणि मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून तिथे काहीच संरक्षण दिसलं नाही. जंतू शिरलेल्या शंभरातल्या पाच-दहांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांचं शरीर त्याला कोंडून ठेवतं. मग कोंडणारं बळ कशाने टिकतं आणि कशाने जातं?

इथे मला आजी आठवते. मंगळूरचे डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये केलेल्या राशन्स या चाचणीचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्या रुग्णांना औषधासोबत दरमहा १० किलो शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही तांदूळ-डाळ दिली. ज्या घरांत सगळ्यांना शिधा गेला तिथे नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मरणाचा धोका ६१ टक्के कमी दिसला. मद्रासने सांगितलं होतं की गोळी गरिबाच्या ताटावरही काम करते. ते खरंच आहे. पण गोळी घेण्याची वेळ कुणावर येणार आणि पहिल्या आठवड्यांतून कोण तरून जाणार, हे पुष्कळसं ताट ठरवतं. चरकाचं विषमाशन आणि आजीचा उपास एकाच जागी येऊन मिळाले.

मी निवृत्त झालो त्या २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटला मान्यता दिली. आमच्या हद्दीपलीकडे, गोव्यात वेर्णा इथली मोलबायो ही कंपनी ते यंत्र बनवते. बॅटरीवर चालतं, तासाभरात जंतू सांगतं, नंतर रिफॅम्पिसिनला तो दाद देतो का तेही सांगतं. माझ्या भिंगाला दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू लागायचे. त्याला त्याहून कितीतरी कमी पुरतात. मला याचा आनंदच आहे.

निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. एका ट्रॉलरवरचा नेपाळी खलाशी डबी घेऊन आला. पट्टीवर लाल काड्या. वजन ४१ किलो. आता गिरण्या नाहीत, आमच्या होड्यांवर आणि हापूसच्या बागांत नेपाळची मुलं चाकरी करायला येतात. कुणाचे तरी चाकरमानी आपल्या दारात आले आहेत. त्याला गावी पाठवून द्यावं असं होडीवर चाललं होतं. चार दिवसांचा प्रवास, पुढे गोळ्या कोण मोजणार? त्याला इथेच ठेवून घ्या असं सांगायला मी होडीच्या तांडेलाच्या घरी गेलो. पहिले काही दिवस कसे जपायचे, खिडक्या उघड्या का ठेवायच्या ते सांगितलं. त्यांच्या चार वर्षांच्या नातवाला रोग नाही याची तपासणी करून सहा महिन्यांसाठी आयसोनियाझिड सुरू झालं. तांडेलाची बायको ऐकून म्हणाली, "त्येची आवस लांब आसा. पेज देवक आमका काय जड नाय."

त्याची खाट पडवीत पडली. मधल्या दाराला पडदा नव्हता. उकड्या तांदळाची पेज, भाजलेला बांगडा, कुळथाची पिठी, आणि सरकारकडून पोषणाचे महिना ५०० रुपये. मी आठवड्याने जायचो. पहिला प्रश्न "जेवलंस काय?", दुसरा गोळीचा. सहाव्या महिन्यात काटा ५० वर थांबला, पट्टी निळी स्वच्छ. तो होडीवर परत गेला त्या दिवशी घरी येऊन मी काकांची खाट खाली घेतली, नवा सुंभ आणून विणली आणि पडवीत आडवी टाकली. दुपारी मी तिच्यावरच पडतो.