शंभर दिवसांचा नेम: ऑनलाइन समूहातले शिकणे आणि ध्येयाचे माप

१. प्रश्न

२०१६ साली अलेक्झांडर कॅलावे या प्रोग्रॅमरने स्वतःसाठी एक नेम ठरवला. शंभर दिवस रोज किमान एक तास कोड लिहायचा आणि त्या दिवशी काय केले ते ट्विटरवर सांगायचे. हाच नेम धरलेल्या निदान दोघांना रोज चार शब्द लिहून धीर द्यायचा, ही शिफारसही त्याला जोडली गेली. ‘हंड्रेड डेज ऑफ कोड’ या नावाने हा नेम देशोदेशी पसरला. त्याला ठरीव अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, शिक्षकही नाही.

अशा शिक्षणात ध्येय कोणते काम करते? ऑनलाइन समूह त्या ध्येयाला बळ देतो, की त्याचे रूपच पालटून टाकतो? माझे प्रतिपादन असे: नेम टिकवण्यासाठी समूहासारखे साधन नाही, शिकण्याचे माप मात्र शिकणाऱ्याने आपल्याच हाती ठेवले पाहिजे.

२. संज्ञा

अनौपचारिक शिक्षणाला वर्ग नसतो, पण हेतू असतो. ॲलन टफ यांनी १९७१ मध्ये प्रौढांच्या ‘शिक्षण-प्रकल्पां’चा अभ्यास मांडला, तेव्हा किमान सात तासांच्या हेतुपूर्वक प्रयत्नालाच प्रकल्प मानले. असे बहुतेक प्रकल्प माणसे स्वतःच आखतात, असे त्यांना आढळले. चाळता चाळता नजरेस पडलेली माहिती या व्याख्येत बसत नाही.

ध्येयाचे येथे तीन प्रकार करू. ‘रोज एक तास बसेन’ हे हजेरीचे ध्येय. ‘शंभर दिवसांत दहा ॲप बनवेन’ हे कामगिरीचे ध्येय. ‘ही समस्या सोडवण्याच्या तीन पद्धती शोधेन आणि त्यांतला फरक न बघता समजावून सांगेन’ हे शिकण्याचे ध्येय. पुढील सर्व विवेचन या भेदावर उभे आहे.

३. ध्येय कसे काम करते

एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये ध्येयनिश्चितीचा सिद्धान्त मांडला. १९९० मध्ये गॅरी लेथम यांच्यासह त्याला ग्रंथरूप दिले. त्याचे सार असे: ‘जमेल तितके कर’ या सूचनेपेक्षा नेमके आणि अवघड ध्येय माणसाकडून अधिक काम करून घेते. मात्र ध्येयाशी बांधिलकी हवी, कुवत हवी आणि आपण कुठवर आलो हे कळत राहिले पाहिजे.

नवशिक्याच्या बाबतीत या नियमाला मोठा अपवाद आहे. रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी १९८९ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाच्या नकली कामावर प्रयोग केले. कौशल्य अंगी येण्याच्या आरंभीच कामगिरीचे नेमके, अवघड लक्ष्य दिले, तर कामगिरी उलट खालावली. कारण उघड आहे. नवख्याचे सगळे अवधान काम समजून घेण्यातच खर्च होत असते; लक्ष्याकडे वारंवार पाहण्यात त्यातला वाटा जातो. लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढच्या प्रयोगांतून उपायही दिसला: काम गुंतागुंतीचे असेल, तर आकड्याऐवजी पद्धती शोधण्याचे ध्येय अधिक फळते.

४. समूह काय देतो

पहिली देणगी दर्शनाची. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये लायबेरियातल्या शिकाऊ शिंप्यांचे उदाहरण घेऊन दाखवले की नवखा माणूस आधी कडेकडेची कामे करतो आणि जाणत्यांचे काम पाहत पाहत आत सरकतो. ऑनलाइन समूहात ही कड फार रुंद होते. दुसऱ्या खंडातल्या अनुभवी माणसाने कोड कसा दुरुस्त केला, हे नवखा एक शब्दही न बोलता पाहू शकतो.

दुसरी देणगी अनोळखी ज्ञानाची. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘दुबळ्या नात्यां’चे बळ दाखवले. जवळची माणसे बहुधा तेच जाणतात जे आपण जाणतो; नवी माहिती तोंडओळखीच्या माणसाकडून येते.

तिसरी देणगी प्रत्याभरणाची, आणि ती सर्वांत मोलाची. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर एक अपेक्षा असते: चूक जशीच्या तशी दाखवणारा छोट्यात छोटा कोड प्रश्नासोबत द्यावा. त्यासाठी अनावश्यक ओळी एकेक करून काढाव्या लागतात आणि काढता काढता चूक स्वतःलाच सापडू शकते. म्हणजे नीट प्रश्न विचारणे हेच इथे शिकणे ठरते.

५. माप ध्येयाची जागा घेते

समूहाला दिवस मोजता येतात, समज मोजता येत नाही. जे मोजता येते त्याचेच कौतुक होते आणि कौतुक होते तिकडे प्रयत्न वळतात. स्टॅक ओव्हरफ्लोवर ठरावीक कृतींबद्दल मिळणाऱ्या बिल्ल्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बिल्ला जवळ येई तसे लोक त्यासाठी लागणारी कृती वाढवत. तो मिळाला की तो जोर ओसरे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये सलग किती दिवस काम केले हा आकडा वापरकर्त्याच्या पानावरून काढला. त्यानंतर लांबलचक सलग मालिका कमी झाल्या आणि शनिवार-रविवारचे कामही घटले, असे पुढील संशोधनात दिसले. म्हणजे त्या कामाचा काही भाग आकड्यासाठीच चालला होता.

दुसरा धोका जाहीर घोषणेचा. पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांसह केलेल्या प्रयोगांत असे आढळले की ‘मी अमुक बनणार’ या ओळखीशी जोडलेल्या निश्चयाची इतरांनी दखल घेतली, तर प्रत्यक्ष प्रयत्न कमी होतात. ती ओळख जणू आधीच पदरात पडते.

मग जाहीर सांगूच नये का? सांगावे, काय सांगावे एवढे पारखावे. गोल्विट्झर यांनीच १९९९ मध्ये दाखवले होते की ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन’ असा निश्चय कृतीपर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त असते. पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आपण देश आणि काळ उच्चारतो, मग कर्म सांगतो. त्या रचनेत हेच शहाणपण आहे. ‘मी डेव्हलपर होणार’ ही घोषणा झाली. ‘आज रात्री नऊला लॉगिनच्या पानावरची चूक शोधणार’ हा संकल्प झाला.

६. निष्कर्ष

यातून व्यवहाराची तीन सूत्रे निघतात. एक: हजेरीचे ध्येय समूहाला सांगावे, कारण साक्षीदारांमुळे नेम टिकायला मदत होते. दोन: शिकण्याचे ध्येय दर आठवड्याला स्वतःच्या वहीत लिहावे आणि न बघता करून पाहण्याच्या कसोटीवर घासावे. तीन: समूहात यशाइतकीच अडचणही मांडावी. यशाच्या नोंदीवर अभिनंदन मिळते. अडचणीच्या नोंदीवर उत्तर मिळते.

रियाज करणारा गायक तास मोजतो, तरी स्वर लागला की नाही हे तास सांगत नाहीत. त्यासाठी कान लागतो. औपचारिक शिक्षणात तो कान गुरूकडे असतो. शिक्षकाविना शिकणाऱ्याला तो स्वतःत तयार करावा लागतो आणि समूहातल्या जाणत्यांकडून पुनःपुन्हा तपासून घ्यावा लागतो. शंभराव्या दिवशी, पहिल्या दिवशी न कळलेली आपलीच चूक आपल्याला दिसली, तर नेम फळला.