तळटीप : ‘स्विच तपासायला घेतला’
१. इथला स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. सर्व्हर आणि डिस्कांची कपाटं फायबरने जोडणारी पेटी. सुरू होतानाच ती आपली मेमरी तपासून घेते, पंखे आणि वीजपुरवठाही पाहते. पोर्टची खरी परीक्षा ‘लूपबॅक’ : पाठवलेली माहिती त्याच पोर्टात परत घेऊन ताडून बघायची. तेवढा वेळ पोर्टवरची वाहतूक बंद, म्हणून लेखक रात्रीपर्यंत थांबला. (एवढं करून दोष पुष्कळदा केबलच्या धूळ बसलेल्या टोकाशीच निघतो.) पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘परम’ महासंगणकांसाठी ‘परमनेट’ घडवलं, पण ते संगणकांना एकमेकांशी जोडणारं जाळं, साठवणुकीचं नव्हे. लेखकाने पुढच्या परिच्छेदात या दोहोंची गल्लत केली आहे. मजकूर तसाच ठेवला आहे.