वारस आणि वारसा

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ हा कोणी भूपती नव्हे. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा तो बालवयात निवर्तलेला एकुलता एक पुत्र. त्याच्या स्मृतीस वाहिलेल्या या संग्रहात दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे आणि स्वयंपाकाची भांडी यांना मानाचे स्थान आहे. रोजच्या वापरातील या वस्तूंना सौंदर्य देणाऱ्या कारागिरांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत. त्यांची कला येथे सुरक्षित राहिली. पत्नी कमलाबाईंच्या साथीने, गावोगाव फिरून जमविलेला हा ठेवा केळकरांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घराचा वारस हरपला. वारसा मात्र सर्वांचा झाला.