शिलालेखाचे छायाचित्र आणि त्याचे परीक्षण

नाशिकच्या पांडवलेण्यांचे वर्णन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८३ च्या गॅझेटियरसाठी केले. पुढे सेनार यांनी तेथील लेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात (१९०५-०६) संपादित केले. या लेखांची छायाचित्रे आज सहज मिळतात, आणि छायाचित्र रेखीव असले की ते विश्वसनीयही मानले जाते. भाषाभ्यासकास हा समज घातक होय.

दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात संस्कृत व प्राकृत यांचे मिश्रण आहे. ते कोठे कितपत आहे, हे क्वचित एका चिन्हावर ठरते. ब्राह्मीतील अनुस्वार म्हणजे केवळ टिंब, आकाराची खूण म्हणजे आखूड रेघ. दगडातील खळगा वा चीरही छायाचित्रात तशीच दिसते. म्हणून परीक्षणाचा पहिला प्रश्न सौंदर्याचा नसून प्रकाशाचा आहे. समोरून पडलेल्या प्रकाशात उथळ रेघा बुजतात. तिरप्या प्रकाशात त्या उठून दिसतात खऱ्या, पण प्रकाशाच्या दिशेस समांतर असलेली रेघ नेमकी लपते. तेव्हा निदान दोन दिशांनी उजळलेली छायाचित्रे शेजारी ठेवल्यावाचून पाठ निश्चित मानू नये. शाईचा ठसा प्रकाशावर अवलंबून नसतो. परंतु खळगा कोणता आणि टाकीचा घाव कोणता, हे तोही सांगत नाही. तेवढ्यासाठी लेणे चढावेच लागते.