खांदेरीचे दीपगृह आणि आपले तेर

धाराशिव जिल्ह्याला समुद्रकिनारा लाभलेला नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या आपल्या भूमीतील स्मरणिकेत समुद्रातील एका दीपगृहाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु तेरणेच्या काठचे आपले तेर प्राचीन काळी ज्या वैभवाला पोहोचले, त्यात समुद्रमार्गे चालणाऱ्या व्यापाराचा मोठा वाटा होता. समुद्राचे दार उघडे असले की तेरचा माल लवकर बंदराला लागे. ते बंद झाले की गाड्यांना दूरची वाट धरावी लागे. मुंबई बंदराच्या तोंडाशी, अलिबागजवळच्या थळ गावासमोर उभ्या असलेल्या खांदेरी बेटाची कथा ही त्या दाराचीच कथा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गवर्णनात ‘तगर’ या नगराचा उल्लेख येतो. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ मध्ये साधार मांडले. भडोचपासून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर तगर, असे ग्रंथकार सांगतो. तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचला जात असे. म्हणजे तेरच्या विणकराचे कापड जहाजात चढण्यापूर्वीच महिनाभर खडकाळ, बिकट वाटा तुडवीत होते.

कोकणचा किनारा याहून कितीतरी जवळ असताना भडोचची वाट का? त्याचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. कल्याण हे पूर्वी राजमान्य व्यापारी बंदर होते. परंतु सत्ता बदलल्यावर तेथील व्यापारास अटकाव झाला आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. ग्रंथकाराने हे मोजक्याच शब्दांत नोंदवले आहे. दोन राजसत्तांच्या चुरशीत किनाऱ्यावरचे एक बंदर मिटले, की त्याची झळ घाटमाथ्यापलीकडच्या नगरांना कशी लागत असेल, याची कल्पना एवढ्या नोंदीवरूनही येते.

त्या काळी आपल्या किनाऱ्यावर दिव्याची भूमिका माणसेच बजावीत. भडोचच्या आखातात खडक, वाळूचे बांध आणि भरती-ओहोटीचा प्रचंड वेग. परक्या तांडेलाची तेथे धडगत नसे. म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी लांब होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि जहाजांना भरतीच्या वेळा साधून आत आणीत. पेरिप्लसमध्ये या होड्यांची नावे ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ अशी दिली आहेत. आपल्या दृष्टीने आनंदाची गोष्ट अशी, की ‘अंगविज्जा’ या प्राचीन प्राकृत जैन ग्रंथातील नौकांच्या यादीत ‘तप्पक’ आणि ‘कोट्टिंब’ ही नावे आढळतात. अभ्यासक दोन्ही जोड्या एकच मानतात. इ. स. ७७९ मध्ये उद्योतनसूरींनी रचलेल्या ‘कुवलयमाला’ या ग्रंथात तर सोपारा बंदरातील व्यापाऱ्यांच्या मेळाव्याचे सुंदर चित्र आहे. दूरदेशाहून आलेल्या वणिकाचे तांबूल-गंधाने स्वागत करून, कोठून आलात, काय नेले, काय मिळाले, हे त्याला विचारण्याची तेथे रीत होती. एकाच्या अनुभवाचा उजेड दुसऱ्याच्या वाटेवर पडे.

याच मालाच्या प्रवासाच्या पश्चिम टोकाला मात्र जगातील सर्वांत प्रसिद्ध दीपगृह उभे होते. अलेक्झांड्रियाजवळच्या फारोस बेटावर इ. स. पूर्व २८० च्या सुमारास उभारलेला तो मनोरा १०० मीटरहून उंच होता, असे मानतात. चौदाव्या शतकातील भूकंपांनी तो ढासळला.

पुढे उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे ‘तगरपुराचे स्वामी’ असे बिरुद अभिमानाने मिरवीत. ठाण्यासारख्या समुद्रालगतच्या राजधानीत बसून त्यांना तेरची आठवण ठेवावीशी वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता खांदेरीकडे वळू. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी ऑगस्ट १६७९ मध्ये या ओसाड बेटावर तट बांधण्यास आरंभ केला. मुंबईच्या इंग्रजांना हे आपल्या गळ्यालाच नख वाटले, आणि त्यांनी आरमार पाठवून बेटाची नाकेबंदी केली. परंतु मराठ्यांच्या लहान, उथळ होड्या वारा पडला असताना आणि रात्रीच्या अंधारात मोठ्या जहाजांच्या मधून निसटून बेटावर दाणागोटा पोहोचवीत राहिल्या. १८ ऑक्टोबर १६७९ रोजीच्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांनी पकडले. १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी बळकावली. ज्या बेटावर पुढे रात्रभर दिवा जळायचा होता, त्याचा तट अंधाराच्याच आश्रयाने उभा राहिला, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरीचा दरारा शिगेला पोहोचला. या समुद्रात फिरणाऱ्या गलबतांनी त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजांनी तो मानला नाही. १७१८ मध्ये त्यांनी खांदेरीवर केलेली स्वारी फसली. अखेर १८१८ मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले.

त्यानंतर बेटाचे काम पालटले. १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह सुरू झाले. त्याचा दगडी अष्टकोनी मनोरा सुमारे २५ मीटर उंच आहे. तो टेकडीवर उभारण्यामागे साधे गणित आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रसपाटीपासून १० मीटर उंचीवरील दिव्याचे क्षितिज सुमारे ११ किलोमीटरवर संपते, तर ५० मीटरवरील दिव्याचे सुमारे २५ किलोमीटरवर. दिवा कितीही प्रखर असला तरी त्याला उंची हवीच. प्रखरतेचा प्रश्न फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सोडवला होता. काचेच्या लोलकांची वर्तुळे रचून चहूकडे विखुरणारा प्रकाश एका झोतात आणणारे त्याचे भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात प्रथम बसले. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीची लय निराळी ठेवतात. तीवरून तांडेल आपण कोठे आहोत ते ओळखतो. मुंबईच्या दक्षिण टोकाशी प्रॉंग्ज येथील दीपगृह १८७५ मध्ये झाले.

या दिव्यांचा आपल्या भागाशी पुन्हा संबंध आला तो रेल्वेमुळे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागलेली बार्शी लाइट रेल्वे आपल्या जिल्ह्यातून १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि येथील शेतमालाला मुंबईची वाट सुकर झाली. पेरिप्लसच्या काळी मिटलेले ते जवळचे दार अशा रीतीने खुले झाले.

१९२७ च्या भारतीय दीपगृह कायद्याने दीपगृहांसाठी जहाजांकडून दीपशुल्क घेण्याची तरतूद केली. २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. याच पाण्यात कान्होजींच्या काळी जहाज पैसे भरी ते जाऊ देण्याबद्दल. आता भरते ते वाट दाखविण्याबद्दल. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. बेटावरील वेताळाला कोळी बांधव आजही भक्तिभावाने मानतात.

आणि ज्यांना समुद्रापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांनी तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जावे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावी. इटलीतील पॉम्पेई या, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या, नगरात १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे निकटचे साम्य आहे. त्या दूरच्या मूर्तीने समुद्र ओलांडला, तेव्हा खांदेरीवर ना तट होता, ना दिवा.